दाढीवाल्या सरड्याच्या पिलाची तहान

जनावराला पाणी देण्याच्या क्रियेसाठी मराठीत निरनिराळी क्रियापदे रूढ आहेत आणि त्यांतील भेद शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. कोंबड्यांसाठी पाणी ठेवतात, बैलांना ओढ्यावर नेऊन पाणी दाखवतात आणि आजारी वासराला पाणी पाजतात. पहिल्या क्रियेत भरलेले भांडे पुरेसे असते; दुसरीत जनावराला पाण्यापर्यंत नेले की काम भागते; तिसरीत मात्र पाणी घशाखाली उतरेपर्यंत माणसाची जबाबदारी संपत नाही. पहिल्या दोन क्रियांमागे एक गृहीत असते. ते असे की, समोरचे पाणी हे पाणी आहे, हे जनावर ओळखते. हे गृहीत ज्या प्राण्याच्या बाबतीत लागू पडत नाही, असा एक प्राणी गेल्या तीन-चार दशकांत युरोप-अमेरिकेतील असंख्य घरांत काचेच्या पेटीत येऊन राहिला आहे. तो म्हणजे ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा. त्याचे पिलू भरलेल्या भांड्याशेजारी बसून कोरडे पडत जाते आणि पाळणारा दररोज इमानेइतबारे भांडे भरत राहतो, हा प्रकार विरळा नाही. असे का घडते आणि त्या पिलाच्या शरीरात पाणी कोणत्या मार्गाने टिकवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. या प्राण्याचे शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. जातीचे पहिले वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट आल याने १९२६ साली केले. पोगोना हे कुल ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन स्टॉर याने १९८२ साली वेगळे काढले. ग्रीक भाषेत 'पोगोन' म्हणजे दाढी. लॅटिनमध्ये 'व्हिटा' म्हणजे डोक्याला बांधावयाची पट्टी, आणि 'सेप्स' हे शिरोवाचक शब्दाचे समासातील रूप. गळ्याखालची काटेरी खवल्यांची त्वचा हा प्राणी रागाच्या किंवा भयाच्या वेळी फुगवतो व काळी करतो, त्यावरून दाढीची कल्पना निघाली. इंग्रजीत त्याला ड्रॅगन म्हणतात, हे ऐकून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आग ओकणारा राक्षसी सर्प उभा राहील; पण ऑस्ट्रेलियाच्या इंग्रजीत ड्रॅगन हा शब्द अ‍ॅगॅमिडी या कुटुंबातील साऱ्या सरड्यांना लावला जातो. आपल्याकडे कुंपणावर मान हलवीत बसणारा सरडा याच कुटुंबातला. तेव्हा 'दाढीवाला सरडा' हे भाषांतर मूळ नावापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध ठरते, असे म्हणावयास हरकत नाही.

याचे मूळ वसतिस्थान म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वार्धाचा अंतर्भाग: न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड, व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरी यांतील शुष्क व अर्धशुष्क प्रदेश. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावी वर्षाकाठी सरासरी सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही नियमाने नव्हे. मुंबईत एकट्या जुलै महिन्यातला पाऊस याच्या सुमारे तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो. ऑस्ट्रेलियाने १९८२ च्या आणि पुढे १९९९ च्या कायद्याने आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर कडक बंधने घातलेली आहेत. त्यामुळे आज इतर देशांत पाळले जाणारे दाढीवाले सरडे हे बंदिवासातच अनेक पिढ्या वाढलेल्या प्राण्यांची संतती आहेत. पिढ्या बंदिवासात गेल्या तरी शरीराची घडण मात्र कोरड्या रानातलीच राहिली आहे, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म या विसंगतीत आहे.

कोणत्याही प्राण्याच्या शरीरातील पाण्याचा हिशेब जमाखर्चाच्या वहीसारखा मांडता येतो. या पिलाच्या वहीत खर्चाची बाजू आधी पाहणे सोयीचे, कारण धोका तेथेच आहे. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिलू शेपटीसह सुमारे १० सेंटिमीटर लांब व २ ते ३ ग्रॅम वजनाचे असते. पूर्ण वाढलेला प्राणी ४५ ते ६० सेंटिमीटर लांब व साधारणतः ३०० ते ५०० ग्रॅम वजनाचा होतो. आता ३ ग्रॅमचे पिलू आणि ३७५ ग्रॅमचा प्रौढ यांची तुलना करू. वजन १२५ पट वाढले. शरीराची आकृती तीच राहिली असे मानले, तर लांबी ५ पट आणि पृष्ठभाग २५ पट वाढला. म्हणजे शरीराच्या दर ग्रॅममागे पिलाच्या वाट्याला प्रौढाच्या पाचपट त्वचा येते. ३ ग्रॅमच्या देहात पाणी असते सुमारे दोन ग्रॅम. चहाचा अर्धा चमचाही त्याने भरणार नाही. एवढ्या अल्प संचयावर पाचपट पृष्ठभागाचा भार पडलेला असतो. प्रौढ सरड्याला एखाद्या दिवसाची कोरड जाणवणारही नाही; पिलाला ती भोवते.

त्वचेचा येथे एवढा विचार करण्याचे कारण आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची खवलेदार कातडी पाण्याला अभेद्य असते, असे दीर्घकाळ मानले जात होते आणि शालेय पुस्तकांतून ते अजूनही सांगितले जाते. १९६६ साली बेंटली आणि श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या सरीसृपांवर मोजमापे घेऊन दाखवून दिले की, बाष्परूपाने शरीराबाहेर जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा त्वचेतूनच जातो, आणि श्वासावाटे होणारा व्यय त्या मानाने कमी असतो. वाळवंटी जातींत हा त्वचेचा व्यय कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून खवल्यांचे चिलखत हे काट्यांविरुद्धचे चिलखत आहे, उन्हाविरुद्धचे नव्हे.

खर्चाची दुसरी बाब म्हणजे उत्सर्जन, आणि येथे मात्र निसर्गाने काटकसर केलेली आहे. सस्तन प्राणी प्रथिनांतील नायट्रोजन यूरियाच्या रूपाने बाहेर टाकतात. यूरिया विरघळवण्यासाठी पाणी लागते. सरडे व पक्षी तोच नायट्रोजन मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. हे आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते पांढऱ्या लगद्याच्या रूपाने, अत्यल्प पाण्यासह, विष्ठेबरोबर बाहेर पडते. परंतु या काटकसरीलाही मर्यादा आहे. सरीसृपांच्या मूत्रपिंडाला रक्तापेक्षा अधिक दाट मूत्र तयार करता येत नाही. काही वाळवंटी सरडे जादा क्षार नाकातील ग्रंथींवाटे बाहेर टाकतात. यूरोमॅस्टिक्स, म्हणजे आपल्या परिचयाच्या सांड्याचे आप्त, त्यांपैकी होत. शरीरात पाणी फारच कमी पडले तर यूरिक आम्ल बाहेर न पडता मूत्रपिंडात व सांध्यांत स्फटिकरूपाने साचू लागते. माणसांतील वातरक्त या विकाराशी त्याचे साम्य आहे आणि पाळीव दाढीवाल्या सरड्यांत तो चांगलाच परिचित आहे. साचलेले स्फटिक नंतर कितीही पाणी दिले तरी सहसा विरघळत नाहीत. पिलूपणातील हलगर्जीचे फळ कधी कधी अशा रीतीने प्रौढपणी हाती येते.

तिसरी बाब श्वासाची, आणि तीत एक अर्थभ्रम दडलेला आहे. ऊन वाढले की हा सरडा तोंड उघडून बसतो. तोंडाच्या ओल्या अस्तरातून बाष्पीभवन होऊन डोके थंड राहते; म्हणजे येथे पाणी खर्चून शीतलता विकत घेतली जाते. उघडे तोंड पाहून नवखा पाळणारा 'याला तहान लागली' असा अर्थ लावतो. २०१५ साली याच जातीवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नेमके उलट आढळले. क्षारद्रव टोचून रक्त दाट केले असता, ते ज्या प्रमाणात दाट झाले त्या प्रमाणात तोंड उघडून बसण्याचा काळ घटला. पाण्याची चणचण असलेला प्राणी पाणी खर्चून थंड होण्याचे टाळतो, असा याचा सरळ अर्थ लावता येईल. तेव्हा दिव्याखाली बसून 'आ' वासणारे पिलू बहुधा तहानलेले नसून केवळ तापलेले असते. उलट, रोज तोंड उघडणाऱ्या पिलाने त्याच उष्णतेत तोंड मिटून पडून राहावयास सुरुवात केली, तर चौकशी करणे अधिक अगत्याचे.

आता जमेची बाजू. रानात हा प्राणी पाणी कसे मिळवतो? १९८३ साली ऑस्ट्रेलियातील एका नियतकालिकात त्याच्या वर्तनाची एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली. पाऊस सुरू होताच सरडा अंग चपटे करतो, मागचा भाग उचलतो, डोके खाली झुकवतो, आणि पाठीवर पडलेले पाणी उतारावरून वाहत नाकाडाशी आले की जिभेने ते चाटून घेतो. स्वतःच्या पाठीचे पागोळीचे छप्पर करून त्याच्या टोकाशी जीभ लावावी, तसा हा प्रकार. अशीच पावित्र्याची पद्धत मध्य आशियातील फ्रिनोसेफालस या सरड्यात १९८७ साली आणि अमेरिकेतील टेक्ससच्या शिंगी सरड्यात १९९० साली वर्णिलेली आहे. एकमेकांपासून हजारो मैलांवर असलेल्या, आणि शेवटच्या बाबतीत कुटुंबही भिन्न असलेल्या, प्राण्यांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली, हे लक्षणीय आहे. जेथे डबकी साचत नाहीत आणि साचली तरी तासाभरात जिरतात, तेथे पाणी म्हणजे पसरलेला पृष्ठभाग नव्हे. पाणी म्हणजे थेंब. तो पडतो, चकाकतो, हलतो आणि नाहीसा होतो.

मराठीत या कृतीला 'पिणे' म्हणण्यापेक्षा 'टिपणे' म्हणणे अधिक यथार्थ होईल. पाखरू दाणे टिपते, पदराने डोळे टिपतात, टीपकागद शाई टिपतो. या सर्व प्रयोगांत थोडेथोडे, ठिपक्याठिपक्याने उचलण्याचा अर्थ आहे.

टीपकागदाचा उल्लेख येथे एरवीही करावाच लागला असता. दाढीवाल्या सरड्याचा एक आप्त, मोलोक हॉरिडस नावाचा काटेरी सरडा, हाही ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहतो. तो पाण्यात उभा राहिला की त्याचे अंग क्षणार्धात ओले होत जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निरीक्षकांची अशी समजूत झाली की, या प्राण्याची कातडी टीपकागदासारखी पाणी शोषून शरीरात घेते. १९६२ साली बेंटली आणि ब्लूमर यांनी या समजुतीची परीक्षा केली. पाणी कातडीतून आत जातच नव्हते. खवल्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म पन्हळींतून ते केशाकर्षणाने तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत चढत होते, आणि सरडा जबडा हलवून ते गिळत होता. म्हणजे कातडी ही केवळ वाहिनी होती; प्राशन तोंडानेच होत होते. मोलोकच्या पन्हळींची रचना विशेष आहे आणि ती जशीच्या तशी दाढीवाल्यावर आरोपित करणे युक्त नाही. परंतु सहा दशकांपूर्वी ज्या कल्पनेचे निरसन झाले, तीच कल्पना पाळणाऱ्यांच्या व्यवहारात अद्याप जिवंत आहे: पिलाला कोमट पाण्यात बसवले की ते कातडीतून, किंवा मलमूत्रद्वारातून, पाणी शोषून घेते.

या स्नानाचा थोडा अधिक विचार केला पाहिजे, कारण त्यावर पाळणाऱ्यांचा भरवसा फार असतो. त्वचेतून लक्षणीय पाणी आत जाते, याला आधार नाही. पण म्हणून स्नान निरुपयोगी ठरत नाही. पाण्यात उभे राहिलेले पिलू पुष्कळदा मान खाली घालून खरोखरच पाणी पिते, आणि कोमट पाण्याच्या स्पर्शाने मलविसर्जनही होते. हे दोन्ही लाभ खरे आहेत. स्नानानंतर वजन वाढलेले दिसते, आणि 'शोषण' सिद्ध झाले असे वाटते. वस्तुतः त्या वाढीत पोटात गेलेल्या पाण्याइतकेच खवल्यांच्या फटींत अडकलेले पाणीही असते, आणि ५ ग्रॅमच्या पिलाच्या बाबतीत हे अडकलेले थेंब तराजूला सहज फसवू शकतात. ज्या पिलाने टबात जीभ बाहेर काढली नाही, त्याला स्नानातून पाणी मिळाले असे समजू नये. करावयाचेच तर पाणी ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, खोली पिलाच्या कोपरापर्यंत, वेळ दहा-पंधरा मिनिटे, आणि तेवढा वेळ नजर तेथेच. नंतर अंग टिपून त्याला दिव्याच्या उबेत सोडावे. ओल्या अंगाने थंड कोपऱ्यात बसलेले पिलू कोरड्या पिलापेक्षा बरे नव्हे.

भांडे मग ठेवावे की नाही? ठेवावे. उथळ, रोज धुतलेले, पेटीच्या थंड टोकाला. काही पिले कालांतराने त्यातून प्यावयास शिकतात. परंतु भांड्यातील पाण्याची पातळी हा प्यायल्याचा पुरावा मानू नये. ज्या पेटीत दिव्याखालची जागा ४० अंशांवर तापलेली असते, तेथे उथळ भांड्यातले पाणी आपोआप उडून जाते आणि पाळणाऱ्याला समाधान देऊन जाते. शिवाय त्यात रातकिडे बुडतात आणि पिलू बहुधा त्यातच विष्ठा करते. पालनाच्या पुस्तिकांत 'पाणी सदैव उपलब्ध असावे' असे वाक्य हटकून असते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पण उपलब्ध कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. स्थिर, पारदर्शक, चकाकी नसलेले पाणी पिलाच्या दृष्टीने तेथे नसतेच, असा पाळणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या पाण्यावर बोट फिरवून तरंग उठवले की तेच पिलू कित्येकदा मान वळवून पाहते. ठेवलेले पाणी अशा वेळी दाखवावे लागते, आणि दाखवणे म्हणजे हलवणे.

सर्वांत भरवशाचा मार्ग थेंबाचा. सकाळी दिवा लागून पिलू उबदार झाले की, टोपण नसलेल्या पिचकारीने किंवा ड्रॉपरने त्याच्या नाकाडाच्या टोकावर एक थेंब ठेवावा. पहिल्या एक-दोन थेंबांना ते डोळे मिटून घेते. मग जीभ बाहेर येते, आणि एकदा चाटणे सुरू झाले की पुष्कळ पिले मिनिट-दोन मिनिटे थेंब टिपत राहतात. थांबले की थांबावे. येथे 'पाजणे' या क्रियापदाचा मोह आवरला पाहिजे. सरड्याची श्वासनलिका तोंडात जिभेच्या बुडाशीच उघडते. जबडा उघडून पिचकारी दाबली तर पाणी अन्ननलिकेत जाण्याऐवजी फुप्फुसात जाण्याचा संभव असतो, आणि तहानेने कदाचित चार दिवसांत गेले असते ते पिलू त्या उपचाराने त्याहून लवकर दगावते. थेंब नाकाडावर, तोंडात नव्हे, हा नियम अपवादाविना पाळावा.

तथापि जमेच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम थेंबाचीही नव्हे. ती अन्नाची आहे. पिलाच्या वयात आहार मुख्यतः कीटकांचा असतो. रानातील या सरड्यांच्या जठरातील अन्नाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात वाळवीचे प्रमाण मोठे आढळले. पंख फुटलेली वाळवी पावसानंतर बाहेर पडते, हे आपल्याकडेही कोणी सांगावयास नको. म्हणजे रानात पाणी आणि मेजवानी बरोबरच येतात. पाळीव पिलाला बहुधा घरगुती रातकिडे दिले जातात. त्यांच्या शरीरात सुमारे ६९ टक्के पाणी असते. पिठातील अळीत ६२ टक्के, तर तुतीवर वाढलेल्या रेशीमकिड्याच्या अळीत सुमारे ८३ टक्के. पिलाने एक ग्रॅम रातकिडे खाल्ले तर जवळजवळ ०.७ ग्रॅम पाणी थेट मिळते. उरलेल्या शुष्क भागाच्या ज्वलनातूनही पाणी निर्माण होते: एक ग्रॅम चरबीपासून सुमारे १.०७ ग्रॅम आणि, नायट्रोजन यूरिक आम्लरूपाने टाकला जात असल्यास, एक ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ०.५ ग्रॅम. या हिशेबाने एक ग्रॅम रातकिड्यांमागे आणखी ०.१५ ग्रॅमच्या आसपास पाणी, फार तर, जमा होईल. तेव्हा पोटभर खाणारे पिलू हे बव्हंशी पाणी प्यायलेले पिलू असते.

मात्र ही आकडेवारी धष्टपुष्ट किड्याची आहे. दुकानातील डब्यात चार दिवस उपाशी राहिलेला रातकिडा हा कोरडा रातकिडा. तो पिलापुढे टाकण्यापूर्वी एक दिवस त्याला गाजराचे काप, हिरवी पाने असे ओले अन्न खाऊ घालणे म्हणजे पिलालाच पाणी देणे होय. ज्याला कीटक हाताळण्याची किळस आहे तो वाळवलेले किडे विकत आणतो. पिलाच्या दृष्टीने ते अन्न असले तरी त्याच्या वहीतली पाण्याची रक्कम जवळजवळ कोरीच राहते. पाल्याचेही तसेच. मोहरीची कोवळी पाने बारीक चिरून, पाणी शिंपडून, सकाळी ठेवावीत. लहान पिलू पाने फारशी खाणार नाही. पण पानांवरचे थेंब टिपेल, आणि त्या निमित्ताने पानांची चवही त्याला लागेल. पालकात पाणी भरपूर असले तरी त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून वाढत्या हाडांच्या प्राण्याला तो रोज देऊ नये. कलिंगडाची फोड ही क्वचितची चैन.

पाणी आणि दमटपणा यांची गल्लत हा या विषयातील आणखी एक कूटप्रश्न. पिलू कोरडे पडते म्हणून पेटीत दिवसातून चार वेळा फवारा मारणारे लोक आहेत. या प्राण्याला ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. सतत दमट हवेत त्याला श्वसनमार्गाचे आणि त्वचेचे विकार जडतात. सकाळी एकदा हलका फवारा मारावा, फांद्यांवर व काचेवर थेंब लोंबावेत, पिलाने ते टिपावेत आणि दुपारपर्यंत सारे सुकून जावे. एवढेच अभिप्रेत आहे. आर्द्रतामापक कोठे लावला आहे, यावरही त्याचा आकडा अवलंबून असतो, आणि याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. सापेक्ष आर्द्रता ही तापमानासापेक्ष असते. २५ अंशांना ५० टक्के आर्द्रता दाखवणारी हवा, तिच्यातील बाष्प यत्किंचितही कमी न होता, ४० अंशांना तापवली की सुमारे २१ टक्के दाखवते. दिव्याजवळ मापक टांगून 'हवा फार कोरडी' म्हणून पाणी शिंपडणारा मनुष्य पेटीच्या थंड टोकाला दलदल करीत असतो. मापक थंड टोकाला असावा. समुद्रकाठच्या शहरात पावसाळ्यात तर प्रश्न उलटाच होतो: हवा दमट, आणि पिलू आतून कोरडे. हवेतील बाष्प काही पोटात जात नाही.

पिलू पुरेसे पाणी घेत आहे की नाही, हे मग कशावरून ओळखावे? आत काय गेले हे मोजता येत नाही, तेव्हा बाहेर काय आले ते पाहावे. विष्ठेसोबतचा पांढरा भाग मऊ व शुभ्र असेल तर चिंता नाही. तो पिवळट किंवा नारिंगी, खडूसारखा कठीण झाला, तर शरीर पाणी रोखून धरीत आहे असे समजावे. एखाद्या दिवशीच्या पिवळेपणाने घाबरू नये. तीन-चार वेळा ओळीने तसे झाले तर मात्र दुर्लक्ष करू नये. दुसरी खूण वजनाची. ग्रॅमचा दशांश दाखवणारा तराजू आता महाग राहिलेला नाही. आठवड्यातून दोनदा, सकाळी, खाण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवावे. वाढत्या पिलाचे वजन आठवडाभर जागच्या जागी राहिले, तर ते घटल्यासारखेच आहे. खोल गेलेले डोळे, तोंडातील चिकट, तार धरणारी लाळ, चिमटीत उचललेली बरगडीवरील कातडी तशीच उभी राहणे, ही उशिराची लक्षणे होत. कात टाकण्याच्या वेळी अंग निस्तेज व कातडी सैल दिसते, त्याचा यांच्याशी घोटाळा होऊ नये. 'पिलू सुस्त आहे' हे वाक्य मात्र वैद्याला सांगण्यासाठीही निरुपयोगी आहे. थंडी, भय, कात, भूक आणि तहान या पाचही कारणांनी पिलू सुस्त होते.

सर्वाधिक अपघात पिलू नव्या घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घडतात, आणि त्यांची साखळी आता उलगडून सांगता येईल. दीड-दोन महिन्यांचे पिलू प्रवासात एक-दोन दिवस डब्यात असते. नव्या जागी ते भयाने खात नाही. खात नाही म्हणजे त्याच्या पाण्याचा मुख्य ओघ बंद होतो. भांड्यातले पाणी त्याला दिसत नाही. शरीर शुष्क होऊ लागले की भूक आणखी मंदावते, आतड्यातील मळ घट्ट होतो, आणि तळाशी वाळू पसरलेली असेल तर खाल्लेल्या किड्याबरोबर गेलेली वाळू तेथेच अडकून बसते. पाळणारा घास पुढे करीत राहतो, कारण उपासमार त्याच्या डोळ्यांना दिसते. कोरड दिसत नाही. काहीजण या अवस्थेत जबडा उघडून किडे कोंबतात. कोरड्या आतड्यात कोंबलेले अन्न पचण्यासाठी शरीरातलेच उरलेसुरले पाणी ओढून घेते.

ही साखळी तोडावयाची तर क्रम उलटा धरावा लागतो. सर्वप्रथम ऊब: दिव्याखालची जागा ३८ ते ४२ अंशांवर आहे आणि थंड टोक २५ ते २९ अंशांच्या दरम्यान आहे, याची तापमापकाने खात्री करावी, कारण थंड सरडा ना पितो ना पचवतो. त्यानंतर पिलू उबले की नाकाडावर थेंब, दिवसातून दोन-तीन वेळा, ते टिपील तितकेच. तळाशी पहिले काही आठवडे वाळूऐवजी साधा कागद असावा. त्यावर पांढऱ्या भागाचा रंगही स्पष्ट दिसतो. पेटीची समोरची काच वगळून बाकीच्या बाजू झाकाव्यात, म्हणजे भय कमी होते. दोन दिवसांत थेंब टिपणे सुरू झाले नाही, किंवा डोळे खोल गेलेले दिसले, तर सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. तो त्वचेखाली किंवा देहगुहेत द्रव टोचून तासाभरात जे साधतो, ते घरच्या कोणत्याही युक्तीने साधत नाही. पिलू थेंब टिपू लागले आणि पांढरा भाग पुन्हा मऊ पडला की मगच त्याच्यापुढे एखादा लहान, ओले अन्न खाल्लेला रातकिडा सोडावा.